ईश्वरीचं उष्टं

सारिका खोतला कशाची म्हणून किळस नव्हती. अपार्टमेंटचं गटार तुंबलं, हात घालायला सारिका. जिन्याखाली घूस मेली, उचलायला सारिका. लग्नाच्या पंगतीत कुणाचं पोर ओकलं, की बाकीच्या बायका साड्या सावरत मागं सरकायच्या आणि "सारिका कुठाय?" म्हणून शोध सुरू व्हायचा. तिची जाऊ म्हणायची, "हिला देवानं नाकच दिलं नाही." दिलं होतं हो, चांगलं तिखट नाक दिलं होतं. पण जिनं वीस वर्षं ईश्वरीचं सगळं केलं, तिला किळस परवडणार कशी?

ईश्वरी तिची एकुलती एक लेक. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळं हातपाय वाकडे राहिले आणि मान डुगडुगती. बोलणं म्हणजे तीन-चार आवाज. लाळ सतत गळायची. पण डोळे? घरात कोण रागावलंय, कोण खोटं हसतंय, हे त्या पोरीला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिला अंघोळ घालणं, कूस बदलणं, संडासला नेणं, हे सगळं सारिका करायची. सरकारी योजनेतलं उचलयंत्रही घरी आलं होतं. ईश्वरी त्याच्या पट्ट्यांत अशी किंचाळायची, की शेवटी सारिकानं ते बाल्कनीत ढकललं आणि त्यावर कपडे वाळत घालायला लागली.

जेवणाची तर वेगळीच तऱ्हा. ताट एकच. ईश्वरीला एक घास दिला, की पुढचा घास आईनं खायचा, त्याच ताटातला, त्याच हातानं. आईनं खाल्ला नाही तर हिचे ओठ मिटलेले. भरवताना सारिका स्वतःच "आ" करून तोंड उघडायची, ते बघून ईश्वरी उघडायची. नवरा रणजित चेष्टा करायचा, "भरवतीस तिला आणि जांभया तूच देतीस." शेवटी ताटात जे चिवडलेलं, सांडलेलं उरायचं तेही सारिकाच्याच पोटात. अन्न टाकायचं नाही, ही आईची शिकवण. आणि एवढं झाल्यावर दुपारी स्वतःचं जेवण निराळं. पंचेचाळिशीत बाईचं वजन एकशे सव्वीस किलोवर गेलं, ते असं.

वजन कमी करायच्या सुया घेऊन झाल्या होत्या. घेतल्या की उमासे आणि सोडल्या की वजन दामदुप्पट परत. गुडघे करकरायला लागले, साखर तीनशेच्या वर गेली. एक दिवस न्हाणीघरात ईश्वरीला उचलताना सारिकाचा गुडघा वाकला आणि दोघी फरशीवर पडल्या. ईश्वरी वरती पडली म्हणून बरं. खाली असती तर? रणजित येईपर्यंत सारिका ओल्या फरशीवर लेकीला पोटावर घेऊन पडून राहिली, आणि तिथंच तिनं ठरवलं की शस्त्रक्रिया करून घ्यायची.

मिरजेत 'सुकाया' नावाचं नवं केंद्र निघालं होतं. बाहेर कारंजं, आत चंदनाचा वास आणि भिंतीवर हडकुळ्या बायकांचे हसरे फोटो. दवाखान्याला डेटॉलचा वास यावा, चंदनाचा आला की समजावं काहीतरी झाकायचं आहे. डॉक्टर शेटे तरुण, गोड बोलणारे, बोलताना समोरच्याच्या नावाला सारखं 'ताई' चिकटवणारे. त्यांनी भिंतीवर पोटाचं हलतं चित्र लावलं.

"सारिकाताई, पहिला प्रकार स्लीव्ह. जठर म्हणजे पिशवी. तिचा बराचसा भाग कापून काढायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. थोडक्यात पोट भरतं. भूक लावणारं संप्रेरकही त्या कापलेल्या भागातच जास्त तयार होतं, त्यामुळं भूकही कमी होते."

"आणि दुसरा?"

"बायपास. जठराचा वरचा लिंबाएवढा तुकडा वेगळा करायचा आणि तो थेट खालच्या आतड्याला जोडायचा. अन्न मधला रस्ता चुकवून पुढं जातं. साखर झपाट्यानं खाली येते, मधुमेहाला हा उत्तम. पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. आणि गोड जरा जास्त खाल्लं की घाम, धडधड, संडासला पळापळ."

"किती दिवसांत उठता येतं?"

"लगेच. दुसऱ्या दिवशी चालायला लावतो. फक्त दीड महिना जड काही उचलायचं नाही."

सारिकानं रणजितकडं बघितलं. रणजितनं चित्रातल्या आतड्याकडं बघितलं. ईश्वरीचं वजन चाळीस किलो होतं. ते दीड महिना कोण उचलणार, हा प्रश्न त्या खोलीत मोठ्यानं कुणी विचारला नाही. सारिकानंही विचारला नाही, कारण उत्तर 'मी' सोडून दुसरं असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"ह्याच्याशिवाय काही नाही का?" तिनं विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, की ह्या प्रश्नासाठीच कारंज्यापासून सगळी मांडणी असावी. "आहे ना! अरुची. ह्यात पोट कापायचंच नाही."

त्यांनी समजावलं ते असं. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या एका घडीत, द्वीपिका नावाचा भाग असतो. नासलेलं दूध नाकाशी आलं की तोंड वाकडं होतं, ते त्याच्यामुळं. अरुचीमध्ये जांघेतल्या शिरेतून केसाएवढी बारीक तार वर सरकवत नेतात आणि त्या घडीजवळच्या रक्तवाहिनीत ठेवून देतात. ही तार दोन कामं करते. आधी ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपते. माणूस हव्यासानं खात असतो तेव्हा लहरींचा एक ठरावीक नमुना उमटतो, तो ती ओळखायला शिकते. मग पुढं तोच नमुना दिसला, की ती द्वीपिकेला हलका धक्का देते आणि माणसाला त्याच घासाची किळस येते.

"सोपं आहे, ताई. भूक मारायची नाही, खाण्यावरचं मन मारायचं. दुसऱ्या दिवशी घरी. वाटेल ते उचला."

'वाटेल ते उचला' एवढं ऐकलं आणि सारिकानं मान डोलावली.

तार बसवली. आठवड्यानं शिकवणीला बोलावलं. "ज्या पदार्थावर ताबा राहत नाही तो घेऊन या, आणि घरी खाता तसाच खा," असा निरोप होता. बाहेर बाकावर एक गृहस्थ बासुंदीचं पातेलं मांडीवर घेऊन बसले होते, एक मुलगी बिर्याणी घेऊन. सारिका घेऊन आली ईश्वरीला, चाकाच्या खुर्चीतून, आणि डब्यात मऊ वरणभात, वर तूप, कडेला लिंबाची फोड.

तिचाही विचार बरोबरच होता की. तिला कशाचा हव्यासच नव्हता! श्रीखंड समोर ठेवा, ती चमचाभर खाऊन उठेल. तिचा हात सुटायचा तो फक्त लेकीच्या ताटात. विचारलंय तर खरं सांगावं, एवढी ती सरळ बाई.

तंत्रज्ञ पोरगेलासा होता. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "पदार्थ कुठला, मॅडम?"

"उष्टं."

"म्हणजे?"

"हिचं उष्टं. तेच खाऊन मी अशी झाले."

त्याच्या यादीत तो पदार्थ नव्हता. त्यानं जरा विचार केला, 'वरणभात' वर बोट ठेवलं आणि तिच्या डोक्याला लहरी वाचणारी टोपी लावून म्हणाला, "करा सुरू."

सारिकानं सुरू केलं. आ. एक घास लेकीला, एक आपल्याला. ईश्वरीच्या हनुवटीवरचं शीत बोटानं टिपून तिनं आपल्या तोंडात टाकलं. ईश्वरी खुदकन हसली, सारिकाही हसली. पडद्यावर लहरींच्या नुसत्या दिवाळ्या पेटल्या. "बापरे," तंत्रज्ञ म्हणाला, "एवढा हव्यास मी बासुंदीवाल्याकडंसुद्धा बघितला नाही."

आणि काय सांगायचं, गुण आला. पहिल्याच दिवशी उष्ट्या ताटाकडं बघून तिच्या पोटात ढवळलं. ताटातलं उरलेलं तिनं जन्मात पहिल्यांदा कचऱ्यात टाकलं आणि वर हात धुतले. दोन महिन्यांत ब्लाउज सैल झाले, गुडघ्यांची करकर थांबली. जाऊ म्हणाली, "काय बाई, ओळखूच येईनास!" रणजितनं कित्येक वर्षांनी तिला गणपती बघायला मोटरसायकलवर मागं बसवलं. सारिका खूश होती. खोटं कशाला बोला, खूप खूश होती.

पण घास? ईश्वरीच्या पाळीनंतर आईची पाळी यायची आणि सारिकाला ती जमेना. मग तिनं युक्ती काढली. घास तोंडाजवळ न्यायचा, खाल्ल्यासारखं करायचं आणि पदराआड वाटीत टाकायचा. ईश्वरी बघत राहायची.

मग किळस ताटातून बाहेर सरकली. आधी लाळेवर आली. हनुवटीवरून ओघळणारा तो चिकट धागा बघून सारिकाच्या घशाशी आंबट पाणी आलं. मग लाळेरं, त्याचा ओलसर कुबट वास. मग केसांतल्या तेलाचा वास, जो तिनंच लावलेला. मग उशीत रुतलेली ती मान, मानेच्या वळीत साचलेला मळ, वाकड्या बोटांची ओली पकड. एका सकाळी ईश्वरीनं झोपेतून उठून नेहमीसारखी "आऽऽ" अशी हाक मारली आणि सारिका न्हाणीघरात जाऊन भडभडून ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पित्त पडलं. बेसिन धरून ती आरशात बघत राहिली. चेहरा बारीक झाला होता, गालांची हाडं दिसत होती, छान दिसत होती. तिला स्वतःचीही शिसारी आली.

घरात तिनं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? 'मला माझ्या लेकीची घाण वाटते' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं रबरी मोजे आणले, तोंडाला मास्क बांधला, लांब दांड्याचा चमचा घेतला. रणजितला सांगितलं, सर्दी झालीय, तिला लागायला नको. हात लांब करून, मान वळवून ती भरवायची.

ईश्वरीनं जेवण सोडलं.

आधी अर्धं, मग पाव, मग नुसतं दूध. रणजितनं भरवून बघितलं, जावेनं बघितलं. ओठ घट्ट. डोळे आईवर. आई चमचा घेऊन आली की पोरगी भिंतीकडं तोंड फिरवायची. तिचे नेहमीचे डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. म्हणाले, रोग काही नाही, पण असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि छातीत कफ झाला तर हिच्यात झुंजायची ताकद उरलेली नाही. चाळीस किलोची पोर एकतीसवर आली. सारिका तिला आता एका हातानं उचलत होती. ह्याचसाठी केला होता की हा सगळा अट्टहास!

"तुझं वजन कमी झालं आणि हिचंही," रणजित म्हणाला. "काय चाललंय काय, सारिके?"

तेव्हा ती मोजे घातलेले हात मांडीत घेऊन खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं.  रणजितनं शिवी दिली नाही की तो रडला नाही. नुसतं म्हणाला, "म्हणजे तिला कळलंय. तू तोंड वाकडं करू नयेस म्हणून ती तोंड उघडत नाही."

सारिका तशीच उठली, ईश्वरीला जावेजवळ ठेवलं आणि रणजितला घेऊन मिरजेला गेली.

डॉक्टर शेट्यांनी आधी तिच्या उतरत्या वजनाच्या आलेखाचं कौतुक केलं. मग तिचं बोलणं ऐकून शिकवणीच्या दिवसाच्या लहरी काढल्या. त्या बघितल्यावर त्यांच्या बोलण्यातलं 'ताई' गळून पडलं.

"हे बघा. चवीचा भाग इथं असतो. तुमचा जवळजवळ गप्प आहे. पेटलाय तो हा भाग. हा मायेचा, आई तान्ह्या बाळाला बघते तेव्हा पेटतो तो. तुमच्या मेंदूला भात दिसतच नव्हता, मुलगी दिसत होती. यंत्र तेच शिकलं. माया उमटली की किळस."

"मग बंद करा ते."

"आत्ता करतो. पण बंद करून किळस जाणार नाही. लहानपणी एखादा पदार्थ खाऊन आजारी पडलेला माणूस जन्मभर त्याला शिवत नाही ना, तसं. धक्के थांबले तरी मेंदू शिकलेलं विसरत नाही. जे टाळतो ते पुन्हापुन्हा सोसत राहिलं, तर हळूहळू विसरतो. तेही नक्की नाही." मग ते पुढं वाकले. आवाज खाली आला आणि डोळ्यांत ती कारंज्याची चमक परत आली. "पण दुसरा सोपा मार्ग आहे. तारेची दिशा जरा बदलायची. किळसेऐवजी ओढ द्यायची. मुलीचा फोटो आहे?"

फोनवर होता. त्यांनी तो पडद्यावर लावला. ईश्वरी, लाळेरं बांधलेली, हसणारी. सारिकाच्या घशाशी आंबट आलं. डॉक्टरांनी कळ दाबली.

आणि छातीत ऊब पसरली. पहिल्यांदा पाजताना पान्हा फुटला होता, तशी. माझी बाळी, माझी सोनी! सारिकाचे डोळे भरून आले, हात पडद्याकडं गेले. डॉक्टरांनी कळ सोडली आणि सगळं बंद. पडद्यावर परत ती लाळ.

"बघितलंत?" ते म्हणाले. "आम्ही ह्याचा पुढं मोठा विचार करतोय. घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, सांभाळणारे कंटाळतात, वैतागतात. सकाळी कळ दाबली की दिवसभर माया. तुमची संमती मिळाली तर पहिल्या रुग्ण तुम्ही..."

सारिकानं त्या कळीकडं बघितलं. साधी पांढरी, बोटाच्या मळानं कडेला पिवळट झालेली कळ. ह्या माणसानं आत्ता तिच्या लेकीवरची माया बोटानं दाबून दाखवली होती, नळ उघडून पाणी दाखवावं तशी. तिच्या पोटातून जे वर आलं ते आजवरच्या सगळ्या किळसेहून घाण होतं, आणि ते कुठल्या तारेनं दिलेलं नव्हतं.

"थूः," ती म्हणाली. खरंच म्हणाली, त्या चंदनाच्या वासात.

"सारिकाताई..."

"ताई म्हणू नका. तार काढा. बंद करा आधी, आणि जेव्हा काढता येईल तेव्हा काढा. दुसरीकडं कुठं तो कळीचा खेळ मांडलात तर मी दारात येऊन बसेन."

"आणि वजन? ते सगळं परत येईल."

"येऊ दे. मी स्लीव्ह करून घेईन, पण तुमच्याकडं नाही. जिथं डेटॉलचा वास येतो तिथं. पोट पाहिजे तेवढं कापू दे. लेकीबरोबर चिमटीएवढा घास घेईन, तेवढा बसतो केळ्यात."

"दीड महिना उचलायचं नाही, लक्षात आहे ना?"

"तिला बाप आहे," सारिका म्हणाली. दारात उभ्या असलेल्या रणजितनं मान खाली घातली, मग वर केली आणि म्हणाला, "आहे."

यंत्र बंद करून घेऊन घरी आल्यावर तिनं मास्क काढला, मोजे काढले. भात मऊ शिजवला, वरण घातलं, तूप घातलं, लिंबू पिळलं. ईश्वरी उशांना टेकून बसली होती, मान भिंतीकडं. गळ्याची हाडं वर आलेली. सारिका पाट घेऊन अगदी जवळ बसली. वास आला. तिनं उघड्या हातानं भात कालवला.

"ईशू, इकडं बघ. मी तुला फसवत होते. घास पदराआड टाकत होते, तू बघत होतीस, मला माहीत आहे." तिनं पाट आणखी पुढं ओढला. "मला घाण वाटते, बाळा. तुझी नव्हे गं, त्या यंत्रानं लावलीय. जाईल म्हणतात. तोवर माझं तोंड वाकडं होणार. होऊ दे. तू तिकडं बघू नकोस, तू जेव."

ईश्वरीनं मान वळवली नाही. दूध पितानाचा थेंब ओठावर सुकला होता, लाळ हनुवटीवर आली होती. सारिकानं बोटानं ती पुसली, तेच बोट भातात घातलं, घास केला आणि आपल्याच तोंडात टाकला. उमासा आला. डोळ्यांतून पाणी आलं. घास घशात फिरला आणि पुन्हा जिभेवर आला. तिनं तोंडावर हात दाबून धरला, तो बाहेर पडू दिला नाही, पण खालीही जाईना. नाक गळायला लागलं, मान थरथरायला लागली.

ईश्वरी बघत होती. कधी वळली कोण जाणे, पण बघत होती. आईचं ते लाल, घामेजलेलं, वाकडंतिकडं तोंड तिनं नीट निरखलं. मग तिची डुगडुगती मान पुढं आली आणि आईला घास जावा म्हणून, आई करायची अगदी तसंच, तिनं स्वतःचं तोंड मोठ्ठं उघडलं.

"आऽऽ."

सारिकानं घास गिळला. आणि तो खाली उतरायच्या आत दुसरा घास करून त्या उघड्या तोंडात घातला.

ईश्वरीनं तो चावला. मग आईच्या हाताकडं बघत थांबली. आता आईची पाळी होती.